मारिओ कार्ट पुन्हा ऑनलाइन खेळायचंय: जुना डीएस घ्यावा की वी?

डीएस आणि वीवरचे खेळ ऑनलाइन खेळायची निन्टेंडोची वाय-फाय कनेक्शन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. तरी तिच्यावरचे बरेच खेळ आजही ऑनलाइन चालतात, कारण सेवा बंद होण्याच्या सुमारासच चाहत्यांनी विम्फी नावाचा पर्यायी सर्व्हर उभा केला आणि तो अजून टिकवून धरलाय. त्यासाठी हातात धरून खेळायचा जुना डीएस घ्यावा की टीव्हीला जोडायचा जुना वी, एवढाच प्रश्न असेल तर माझा अनुभव कामी येईल. मी दोन्ही घरी आणून भरपूर खेळलोय. आज टीव्हीला जोडलेला आहे तो वी. तुमची गरज वेगळी असेल तर निर्णय उलटाही होऊ शकतो, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

ही सेवा नोव्हेंबर २००५ मध्ये 'मारिओ कार्ट डीएस' या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासोबत सुरू झाली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेला तेव्हा वर्गणी भरावी लागायची; निन्टेंडोने सगळं फुकट ठेवलं. त्या बदल्यात बारा आकडी फ्रेंड कोड आले. मित्राचा कोड तुम्ही टाकायचा, तुमचा त्याने टाकायचा, तेव्हा कुठे दोघं एकमेकांना दिसणार. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते ठीक होतं, पण मैत्री जुळायच्या आधीच माणूस दमायचा. वाय-फाय अजून घरोघर पोचलेलं नव्हतं, म्हणून संगणकाला लावायचा एक यूएसबी कनेक्टर निन्टेंडोने विकला, आणि अमेरिकेत मॅकडोनाल्ड्समध्ये बसून डीएस जोडता यायचा. पडद्यामागचं तंत्र गेमस्पाय या कंपनीचं होतं. २०१४ च्या त्याच मे महिन्याच्या अखेरीस गेमस्पायही बंद झालं. या दोन तारखा इतक्या जवळजवळ आल्या हा निव्वळ योगायोग असेल, असं मला तरी वाटत नाही.

आता डीएस. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला खूप आहे. विम्फीवर जायला कन्सोलला हात लावावा लागत नाही. मूळ कार्ट्रिज घाला, खेळाच्याच मेनूतल्या वाय-फाय सेटिंगमध्ये जा, डीएनएसचे (कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते ठरवणारे) आकडे बदला, झालं. डीएस आणि डीएस लाइट जवळपास कुठल्याही देशाचं डीएस कार्ट्रिज चालवतात, त्यामुळे जुन्या बाजारात हाताला लागेल ते बिनधास्त घेता येतं. शिवाय गादीवर लोळत खेळता येतं, ही सोय मला अजूनही मोलाची वाटते.

पण तो घरच्या वाय-फायला जोडायला घ्या, म्हणजे खरी कटकट कळते. डीएसला बिनपासवर्डचं मोकळं नेटवर्क कळतं किंवा डब्ल्यूईपी या वाय-फायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीचं. तिच्या नंतरची डब्ल्यूपीए त्याला येतच नाही. डब्ल्यूईपी फोडता येतं हे २००१ मध्येच जगजाहीर झालं होतं आणि २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलंही होतं; तरी २००४ च्या या यंत्रात जुनंच राहिलं आणि पुढे कधी सुधारलं नाही. ॲक्सेस पॉइंट शोधायला लावलं की घरच्या राउटरचं नाव यादीत नीट दिसतं, सिग्नलही भरपूर असतो, आणि शेजारी राखाडी कुलूप. राखाडी म्हणजे ही सुरक्षा मला झेपत नाही. पासवर्ड विचारायचीही तसदी तो घेत नाही. डीएसआय किंवा थ्रीडीएस ही नंतरची यंत्रं घेऊनही सुटका नाही, कारण त्यांच्यावरही जुने डीएस खेळ याच मर्यादेत चालतात. नंतरचे 'पोकेमॉन ब्लॅक' आणि 'व्हाइट'सारखे मोजके खेळ तेवढे अपवाद.

यावर तोडगे आहेत, आणि मी ते करून पाहिलेत. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या माझ्या राउटरमध्ये डब्ल्यूईपीचा पर्यायच नव्हता. मोबाइलचा हॉटस्पॉट बिनपासवर्डचा ठेवला, तर जुन्या फोनचा डीएसला दिसला, नव्या फोनचा दिसलाच नाही. डीएसला ८०२.११बी हे वाय-फायचं जुनं मानक लागतं आणि नवी उपकरणं ते सोडून देत चालली आहेत. शेवटी अडगळीतला एक राउटर काढून डब्ल्यूईपीवर लावला आणि वायरने मुख्य राउटरला जोडला. चाललं, छान चाललं. पण ज्या जोडणीवरून घरचे लोक बँकेचे व्यवहार करतात, तिलाच हे मोडकं दार जोडून ठेवायचं माझ्या मनाला पटेना. म्हणून प्रत्येक वेळी तो राउटर चालू करा, जोडणी होईपर्यंत थांबा, खेळून झालं की आठवणीने बंद करा. रात्री जेवणानंतर अर्धा तास मोकळा मिळतो, आणि त्यातला चांगला वेळ या सोपस्कारात जायचा. खेळायची इच्छा तिथेच मरायची. माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीने झाला.

वीची कटकट वेगळी आहे, पण ती एकदाच करावी लागते. त्याला डब्ल्यूपीए२ ही सुधारित सुरक्षा समजते, त्यामुळे घरच्या राउटरला काहीही करावं लागत नाही. होमब्रू चॅनल, म्हणजे निन्टेंडोची मान्यता नसलेले प्रोग्रॅम चालवायची सोय, मात्र टाकावं लागतं. लेटरबॉम्ब नावाची पद्धत आहे: वीचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) त्या पद्धतीच्या संकेतस्थळावर भरायचा, मिळालेली फाइल एसडी कार्डवर टाकायची, आणि वीच्या मेसेज बोर्डवर आलेलं लाल बॉम्बचं पाकीट उघडायचं. सूचना नीट वाचून केलं तर निवांत संध्याकाळचं काम. मग विम्फी पॅचर चालू केला की मूळ डिस्कवरचा 'मारिओ कार्ट वी' थेट नव्या सर्व्हरवर जातो. कन्सोलमध्ये असे बदल करायचे नसतील तर वी तुमच्यासाठी नाही, हेही मान्य.

खुद्द खेळात मला वीचं पारडं जड वाटतं. डीएसवर ऑनलाइन शर्यतीत चारच जण, आणि ३२ पैकी २० ट्रॅक. त्यात सरळ रस्त्यावरही सतत ड्रिफ्ट मारत (गाडी आडवी घसरवत) जाणारे 'स्नेकिंग'वाले भेटले की नवख्याचं काही चालत नाही. वीवर बारा जण असतात, सगळे ३२ ट्रॅक खुले असतात, आणि एकाच टीव्हीवर दोघं मिळून ऑनलाइन उतरता येतं. माझ्या मते ही शेवटची गोष्टच घरासाठी सर्वांत मोठी. शिवाय चाहत्यांनी बनवलेले शेकडो ट्रॅक सीटीजीपीसारख्या पॅकमधून मिळतात.

'पोकेमॉन डायमंड' किंवा 'हार्टगोल्ड'मध्ये इतरांशी पोकेमॉनची अदलाबदल करायची असेल, तर अर्थातच डीएसच घ्या. त्या खेळांसाठीही चाहत्यांचे सर्व्हर चालू आहेत, आणि तेवढ्यासाठी जुन्या राउटरची उठाठेव परवडते. घेताना आर बटण दाबून बघा; डीएस लाइटची खांद्यावरची बटणं लवकर जातात, आणि मारिओ कार्टमध्ये ड्रिफ्ट त्याच बटणावर आहे.

वी घेताना तीन गोष्टी तपासा. वी मिनी घेऊ नका, त्यात इंटरनेटच नाही. डिस्क आणि कन्सोल एकाच प्रदेशाचे हवेत, अमेरिकन वीवर युरोपची डिस्क सरळ चालत नाही. आणि नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला वी असेल, तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो; आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो तसाच खुपसू नका. युरोपच्या वीचा अडॅप्टर आपल्या विजेवर चालतो, म्हणून मिळाला तर युरोपचा वी आणि युरोपचीच डिस्क अशी जोडी बघा.