पस्तिशीत पीआर: कॅनडा की ऑस्ट्रेलिया?
ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत पीआरचा, म्हणजे परदेशातल्या कायम वास्तव्याच्या परवान्याचा, विषय निघाला की आधी कॅनडाचंच नाव येतं. पस्तिशीतल्यांनी ऑस्ट्रेलियाही नीट बघावा, असं मला मनापासून वाटतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत (गुणांवर अर्जदार निवडण्याची पद्धत) एकट्या अर्जदाराला विशीत वयाचे ११० गुण मिळतात, ३५ व्या वर्षी ७७ उरतात. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ वयाला ३०, तर ३३ ते ३९ ला २५. घसरण किती सौम्य! मात्र किमान ६५ गुण हवेत, कौशल्याचं मूल्यांकन आधी करून घ्यावं लागतं आणि पंचेचाळिशी गाठली की १८९ व्हिसाचं (कुशल कामगारांना पीआर देणारा व्हिसा) दार बंद.

कॅनडात प्रांताचं नामांकन मिळालं तर थेट ६०० गुण. जादा गुणांसाठी फ्रेंच मन लावून शिकणार असाल तर मी कॅनडाच सुचवेन. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये बंद झालेत, तेव्हा ऑफर लेटर विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

पोलीस क्लिअरन्स दोन्हीकडे लागतं. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. सल्लागार गाठण्याआधी त्याचा परवाना तपासा: कॅनडासाठी तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजची यादी, ऑस्ट्रेलियासाठी ‘मारा’ची (तिथे सल्लागारांची नोंदणी करणारी सरकारी संस्था). दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात.