पेटी झाली, पण बारा दिवसांनी

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या बोळात पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं एक दुकान आहे. आजोबांच्या पेटीचा भाता फाटला होता आणि कोमल गंधाराचा सूर घोगरा झालेला. दुकानवाल्या काकांनी रीड, म्हणजे सूर देणारी पितळी पट्टी, काढून किसली. टोकाला किसलं की सूर चढतो, बुडाला किसलं की उतरतो. दोन-तीन हात फिरवायचे, कान लावायचा, पुन्हा फिरवायचे. मग तपासायला आकाशवाणीची धून. संगीतकार वॉल्टर कॉफमन यांची, शिवरंजनी रागातली, म्हणजे कोमल गंधार लागणारच!

लेकाने चॅम्पियन्स लीग या फुटबॉल स्पर्धेची धून मागितली. काकांनी टीव्हीवर ऐकलेली, तीही काढली. मी म्हटलं, ही तर जुन्या काळच्या संगीतकार हॅन्डेलची. इंग्लंडच्या राजाच्या 1727 च्या राज्याभिषेकाचं ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे समूहगीत, 1992 मध्ये संगीतकार टोनी ब्रिटन यांनी त्यावर ही धून बेतली. काका म्हणाले, “मग शिवरंजनी कोणाच्या बापाची?” मला नाही पटलं. राग सगळ्यांचा असतो, बांधलेली चाल एकाची. ब्रिटन यांनी निदान ते लपवलं नाही.

तक्रार एकच: चार दिवस सांगून बारा लावले, फोनही नाही. गंधार मात्र आता स्वच्छ बोलतो. भात्याचं कातडं नवं, वास अजून जात नाही.