‘मूळ रंग जसेच्या तसे’ म्हणून हाती आलेली फाइल

मुद्दाम हिरवट-पिवळ्या छटेत रंगवलेला चित्रपट. एन्कोडिंग करून देणाऱ्यांशी ठरलं होतं १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत; १०-बिट म्हणजे ८-बिटपेक्षा रंगांच्या बारीक पायऱ्या), रंगाला हात न लावता. पूर्ण पैसे आगाऊ घेऊन दिलेल्या फाइलमध्ये भिंती पांढऱ्याशुभ्र, चेहरे गुलाबी. वर उत्तर तयार: “मूळ प्रत विटली होती, आम्ही सुधारली.” सुधारणा कसली! ऑटो व्हाइट बॅलन्स (छटा आपोआप काढून पांढरं पांढरं करणारी सोय) लावून मोकळे झाले होते. एकाच शॉटमध्ये कॅमेरा वळेल तशी छटाही सरकत होती, तिथेच चोरी उघडी पडली.

ही लबाडी आणि साधी चूक वेगळी ओळखता येते. मूळ आणि नवी, दोन्हींतून तीच फ्रेम पीएनजीत काढून शेजारी ठेवा. राखाडी तसाच, पण गडद लाल-हिरवे सरकलेले असतील तर बीटी.६०१ आणि बीटी.७०९ मॅट्रिक्सचा, म्हणजे जुन्या एसडी आणि एचडी व्हिडिओच्या रंग मोजायच्या सूत्रांचा घोळ आहे. नुसता टॅग (कोणतं सूत्र वापरायचं ते सांगणारी फाइलमधली नोंद) चुकला असेल तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ-साधनाच्या बिटस्ट्रीम फिल्टरने पुन्हा एन्कोड न करता दुरुस्त होतो. काळा ठार बुडालेला किंवा धुरकट दिसला, तर १६–२३५ आणि ०–२५५ या रेंजची (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची) गल्लत. पण राखाडीचीच छटा बदलली असेल तर कुणीतरी रंगाशी खेळलंय. फ्रेमगणिक बदललेला तो रंग उलटा फिरवता येत नाही. मास्टरपासून (मूळ प्रतीपासून) पुन्हा काम करावं लागतं.

फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोतल्या ‘१० बिट’वर भुलू नका. मधली प्रक्रिया ८-बिटमध्ये उरकून शेवटी १०-बिटचं लेबल लावता येतं. हिस्टोग्रामही (कोणती छटा किती आहे याचा आलेख) साक्ष देईलच असं नाही, कारण ८-बिटमुळे त्यात पडलेल्या फटी एन्कोडिंगमध्ये बुजतात. मास्टरमधलं सलग आकाश किंवा फेड (दृश्य हळूहळू काळं होणं किंवा उजळणं) नव्या फाइलमध्ये पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं का, ते बघा. आकार कमी करायला ग्रेन (चित्रातली बारीक रवाळ कणी) पुसला असेल तर पट्टे आणखी उठतात.

नमुना मागाल तेव्हा जागा तुम्ही ठरवा: एक अंधारा प्रसंग, एक फेड, एक भडक लाल प्रकाशातला. ४:२:० या नेहमीच्या साठवणपद्धतीत रंगाचं रिझोल्यूशन आडवं-उभं निम्मं असतं, म्हणून कंजूष बिटरेटचे (दर सेकंदाला कमी डेटा दिल्याचे) ठोकळे लालमध्ये आधी दिसतात. नमुना निगुतीने करून बाकीचा चित्रपट वेगळ्याच सेटिंगवर ढकलणारेही आहेत. त्यामुळे पूर्ण फाइल आल्यावर वेगळ्या जागा तपासा, एन्कोडिंगला वापरलेली पूर्ण कमांड (सगळ्या सेटिंगसह) लेखी मागा आणि तोवर निम्मे पैसे हातात ठेवा.