जलशुद्धीकरणाचे शिक्षण: पदविका की उमेदवारी?
पदविका अभ्यासक्रमात रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पायापासून शिकवले जात असल्याने, पाण्याचा सामू (पीएच) वाढला की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती का घटते, हे विद्यार्थ्याला नेमके उमगते. प्रकल्पावरील उमेदवारीत, म्हणजे काम करता करता शिकण्यात, हे ज्ञान उशिरा आणि तुटक मिळते. मात्र बीओडी चाचणीचा (सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते मोजणाऱ्या) निकाल 5 दिवसांनी हाती येत असताना तोवर वायुवीजन टाकी (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) कशी सांभाळायची, हे फेसाचा रंग, गाळाचा वास आणि 30 मिनिटांत तळाशी बसणारा गाळ पाहूनच अंगवळणी पडते. (रात्रपाळीची सवयही तिथलीच!) अर्थात निव्वळ अनुभव घातकही ठरतो, कारण हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. प्रकल्प चालवायचा असल्यास मी उमेदवारीला, आराखडे करायचे असल्यास पदविकेला प्राधान्य देईन.