दुकानातला छोटा एफएम रेडिओ : पावसाळ्यापासूनचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

यंत्राचं आधी सांगतो, कारण त्याच्याबद्दल फारशी तक्रार नाही. नाशिकला पंचवटीत माझं टेलरिंगचं दुकान आहे. पावसाळ्याच्या तोंडावर हा रेडिओ घेतला, तेव्हापासून शटर वर गेलं की तो सुरू. शिलाई मशीनच्या खडखडाटातही आवाज स्वच्छ कळतो, चार्जिंग दिवसभर पुरतं. एरियल पूर्ण ओढून रस्त्याच्या बाजूला ठेवावी लागते, लोखंडी रॅकजवळ नेला की खरखर. ट्युनिंगचं चाक ढिलं आहे, त्याचा एक स्टार कापला.

दुसरा कापला तो त्यावर जे वाजतं त्यासाठी. रेडिओ बनवणाऱ्याचा दोष नाही, मान्य, पण घेणाऱ्याला कळलेलं बरं.

सकाळी कापडावर खडूने आखताना जे गाणं लागतं, तेच दुपारी काजं करताना आणि तेच संध्याकाळी गिऱ्हाईक ट्रायलला आलं की. स्टेशन बदलावं तर तिथेही त्याच गायकाचं, त्याच वर्षाचं दुसरं. हाताखालचा पोरगा आता पुढचं गाणं आधीच सांगतो. मराठी गाणं खासगी स्टेशनवर कधी लागलंच तर आम्ही दोघं मान वर करून बघतो.

खरं तर ही स्टेशनं माझ्यासारख्या दिवसभर ऐकणाऱ्यासाठी नाहीतच. द्वारका चौकातून अंबडला कामावर निघालेला माणूस गाडीत अर्धा तास ऐकतो. तेवढ्यात त्याने बटण दाबून पळू नये म्हणून सगळी ओळखीचीच गाणी. यादी आधी चाचणी घेऊन ठरते, क्रम कॉम्प्युटर लावतो, आरजे मधल्या फटीत बोलतो. त्यात खासगी एफएमसाठीच्या सरकारच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एकाच कंपनीला आपला एकच कार्यक्रम देशभरच्या आपल्या स्टेशनांवर लावायची मुभा दिली. आधी ती फक्त छोट्या शहरांपुरती होती. स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे वेगळं काही करायचं तर ते गाण्यांतच, आणि कमाई सगळी जाहिरातींवर असताना अनोळखी गाणं लावायची हिंमत कोण करणार?

दुपारनंतर मी सरळ १०१.४ ला, आकाशवाणी नाशिकला लावतो. निवेदन संथ, मधूनच शेतीचा सल्ला येतो, पण पुढे काय लागेल ते पोरग्याला सांगता येत नाही. गंमत बघा, सरकारी रेडिओवर सिनेगीतं मिळेनात म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. मी खासगीकडून सरकारीकडे आलो, तोही आपण होऊन.

घरी स्वयंपाकघरात तासभर लावायचा असेल तर बिनधास्त घ्या. दुकानासाठी घेत असाल तर पेनड्राइव्ह लागणारं मॉडेल बघा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. माझ्यात ती सोय नाही.