कोल्हापूरच्या सड्यांसाठी ‘सार्स’ पॅकेज कितपत कामाचं?

बेटाचं क्षेत्रफळ आणि त्यावरच्या प्रजाती यांचं नातं तपासायला आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ‘सार्स’ हे पॅकेज आहे, तेही मोफत. मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे (सपाट, उघडे खडकाळ माथे) झाडी-शेतीने वेढलेली बेटंच असल्याने, कोल्हापुरात सड्यांवर एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांनी ते जरूर वापरावं.

माहिती दोन स्तंभांत भरायची: आधी क्षेत्रफळ, मग प्रजातींची संख्या. ‘सार ॲव्हरेज’ ही आज्ञा वीसपर्यंत वक्र बसवून पाहते आणि एआयसीसीनुसार (वक्र माहितीशी किती जुळतो आणि किती गुंतागुंतीचा आहे, हे तोलणारा निकष) वजन देऊन एक सरासरी वक्र काढते. पॅकेजचं खरं मोल इथेच आहे, कारण एरवी घातसूत्रच (प्रजाती = सी × क्षेत्रफळाचा झेडवा घात) बरोबर असं गृहीत धरलं जातं. त्या सूत्रात झेड 0.3 आला, तर क्षेत्र दहापट झाल्यावर प्रजाती जेमतेम दुप्पट होतात. हेक्टर की चौरस किलोमीटर, याने झेड बदलत नाही, सी बदलतो. एकाच स्तंभात दोन्ही मिसळले तर मात्र सगळंच बिघडतं.

पाच-सहा सड्यांवर हा खटाटोप करू नये. चार प्राचलांच्या (वक्राचा आकार ठरवणाऱ्या संख्यांच्या) वक्रात त्रुटीचं विचरण धरून पाच होतात आणि सहा सड्यांना एआयसीसीचा भाजक (सड्यांची संख्या वजा प्राचलं वजा एक) शून्य येतो. पंधरा-वीस सडे असावेत.

सगळ्यात मोठी चूक मोजणीतच होते. कडेचं गवत, करवंदीची रोपं धरली की लहान सड्याची यादी फुगते, झेड खाली येतो आणि सड्याच्या आकाराला महत्त्वच नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. गेंद, सीतेची आसवे यांसारख्या सड्याच्याच वनस्पती वेगळ्या मोजा. फेऱ्या जून ते ऑक्टोबर विभागून करा. नुसत्या सप्टेंबरात गेलात तर पहिल्या पावसात फुलणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती हुकतात. सड्यावर आखलेल्या मोजणीच्या चौकटींच्या नोंदी आधी ‘व्हेगन’ या आरमधल्याच दुसऱ्या पॅकेजच्या ‘स्पेकपूल’ आज्ञेतून काढून न सापडलेल्या प्रजातींचा अंदाज घ्या, मगच ‘सार्स’कडे वळा.

‘सार्स’मधल्या ‘जीडीएम’ आज्ञेला बेटाचं वय लागतं. ती ज्वालामुखी बेटांसाठी आहे, सड्यांवर तिचा उपयोग नाही. सडे एकमेकांपासून किती लांब, हेही ‘सार ॲव्हरेज’ विचारात घेत नाही. लहान सड्यावरच्या प्रजाती मोठ्यावरही आहेत का, हे पाहायला असणे-नसणेचा तक्ता करून ‘व्हेगन’मधलं ‘नेस्टेड-नोडफ’ चालवावं लागेल.