टूरिंग बाइकला रडारवाला क्रूझ घ्यावा की साधाच पुरे?

लांब पल्ल्याच्या बाइकवर क्रूझ कंट्रोल हवाच, यावर आता वाद राहिलेला नाही. तासन् तास थ्रॉटल पिळून धरल्यावर करंगळीच्या बाजूला हात जो बधिर होतो, तो ज्याने अनुभवलाय त्याला वेगळं पटवावं लागत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ठरवलेला वेग धरून ठेवणारा साधा क्रूझ पुरे, की रडारने पुढच्या गाडीशी अंतर राखणारा अडॅप्टिव्ह घ्यायचा?

बाइकवर ही सोय येऊन फार काळ लोटलेला नाही. 2020 च्या अखेरीस डुकाटीने पुढे-मागे रडार असलेली मल्टिस्ट्राडा व्ही4 आणली. 2021 मध्ये बीएमडब्ल्यूची आर 1250 आरटी आणि केटीएमची 1290 सुपर अ‍ॅडव्हेंचर एस आल्या, त्यामागून कावासाकीची एच2 एसएक्स एसई. या चारही गाड्यांत रडार बॉशचं, त्यामुळे वागणुकीत उन्नीस-बीसच. रडारवाल्या दोन बाइक मी लांबच्या प्रवासाला नेल्या आहेत. कोणत्या ते सांगत नाही, कारण माझी कुरकुर कंपनीबद्दल नाही, मूळ कल्पनेबद्दल आहे. आणि स्वतःच्या खिशातून पैसे मोजायची वेळ आली तेव्हा साध्या क्रूझची गाडी घेतली. माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल, त्या हिशेबाने पुढचं वाचा.

रडारचं श्रेय आधी देऊन टाकतो. हायवेला मध्यम गर्दी आहे, सगळे ऐंशी ते शंभरच्या मध्ये खालीवर होताहेत, अशा वेळी साधा क्रूझ जीव खातो. ब्रेकला बोट लागलं की सुटला, पुन्हा चालू करायला रिझ्यूमचं बटण दाबा, गाडी वेग घेते न घेते तोच पुढचा हळू झाला, पुन्हा ब्रेक. थोड्या वेळाने अंगठाच कंटाळतो आणि आपण मुकाट्याने थ्रॉटलवर परत येतो. रडारवाला क्रूझ इथे खरंच सुखाचा आहे. दिवस उतरताना, अंग आंबलेलं असताना तर फारच. मला सुरुवातीला धास्ती होती ती वळणाची: गाडी कललेली असताना यंत्राने कचकन ब्रेक मारला तर? तसं काही होत नाही. कल वाढला की यंत्रणा ब्रेक आणि वेग दोन्ही हात राखूनच वापरते.

माझं घोडं अडलं ते ओव्हरटेकला.

समजा एकशे दहा लावलेत आणि पुढे पंच्याऐंशीने ट्रक चाललाय. साध्या क्रूझवर ट्रक जवळ येताना तुम्हाला दिसतो. आरसा बघता, मान वळवून खात्री करता, वेळेत लेन बदलता आणि एकशे दहानेच पुढे निघून जाता. वेग कुठे मोडत नाही. रडारवाल्यावर ट्रकची दखल तुमच्याआधी यंत्र घेतं आणि वेग उतरवायला लागतं. तेही इतक्या हळुवारपणे की तुम्हाला पत्ता लागत नाही. भान येतं ते हेल्मेट थडथडायला लागल्यावर. तोवर तुम्ही पंच्याऐंशीवर, ट्रकच्या मागच्या घुसळलेल्या हवेत, समोर मडफ्लॅप आणि धूळ. शेजारच्या लेनमधून लोक एकशे वीसने चाललेत आणि त्यात घुसायला तुम्हाला आता पंच्याऐंशीपासून वेग गोळा करायचाय.

यावर उपाय म्हणून अंतराची सेटिंग सगळ्यात कमी करून पाहिली. गाडी उशिरा हळू होते हे खरं, पण मग ट्रकच्या आणखी जवळ जाऊन बसते. कारमध्ये ते चालून जातं. दोन चाकांवर ती जागाच वाईट. पुढचा रस्ता दिसत नाही, ट्रकच्या पोटाखालून खड्डा किंवा टायरचा तुकडा निघाला तर तो थेट तुमच्या चाकासमोर. यामाहाने ट्रेसर 9 जीटी प्लसमध्ये ओव्हरटेकच्या बाजूचा इंडिकेटर दिला की गाडी आपणहून जरा तत्परतेने वेग घेईल अशी सोय केली. कल्पना चांगली आहे. पण शेजारची लेन मोकळी नसेल तर इंडिकेटर देण्याआधीच वेग गेलेला असतो. हाताने थ्रॉटल पिळून यंत्राला डावलता येतं, नाही असं नाही. पण दर ट्रकमागे तेच करायचं तर जास्तीचे पैसे कशाला मोजले, हा प्रश्न मला सारखा छळायचा.

दुसरी गोष्ट मागे बसणाऱ्याची. आपण स्वतः ब्रेक लावतो तेव्हा बोटं लिव्हरकडे जायच्या आत गुडघे टाकीला आवळलेले असतात, कोपरं सैलावलेली असतात. मागच्यालाही ती हालचाल जाणवते आणि तो सावरतो. यंत्र ब्रेक लावतं तेव्हा दोघांनाही आगाऊ सूचना नसते. कोणी मध्ये घुसला, गाडीने वेग तोडला, की मागचं हेल्मेट ठक्कन आपल्या हेल्मेटवर. इजा होत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या ठकीनंतर मागून जे ऐकून घ्यावं लागतं ते निराळंच.

बाकीच्या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. या पहिल्या पिढीच्या यंत्रणा थांबलेल्या वाहनांसाठी नाहीत, म्हणजे ट्रॅफिकची थांबलेली शेपटी दिसली की ब्रेक तुम्हीच लावायचा. ग्रुपमध्ये तिरक्या रांगेने जात असाल तर लेनच्या कडेने चाललेला दोस्त रडारला कधी दिसतो, कधी नाही, आणि गाडी उगाच आचके देते. अशा वेळी मी अंतराची भानगड बंदच ठेवायचो. चिखलाने रडारचं तोंड माखलं की डिस्प्लेवर निरोप येतो आणि सोय बंद.

तुमचं जाणं-येणं मुख्यतः रुंद, अनेक लेनच्या, वाहत्या गर्दीच्या रस्त्यांवर असेल, एकटेच जात असाल आणि मनगट किंवा खांदा दुखरा असेल, तर घ्या, वाया जाणार नाही. फक्त एक बघून घ्या: अंतर राखणं बंद करून तोच क्रूझ साधा म्हणून वापरता येतो का. बीएमडब्ल्यूवर येतो. सगळीकडे येतोच असं धरून चालू नका. आणि टेस्ट राइडला रिकाम्या रस्त्यावर बटणं दाबून परत येऊ नका. मागे कोणाला तरी बसवा, एखादा ट्रक गाठा आणि शेजारची लेन भरलेली असताना त्याला ओलांडून बघा.

मागचं रडार मात्र वेगळी गोष्ट. पॅनियर म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेट्या लावल्या, मागे माणूस बसला की आरशात निम्मं तेच दिसतं, आणि बाजूने येणाऱ्या गाडीचा आरशाजवळचा दिवा तेव्हा फार उपयोगी पडतो. ट्रायम्फने 2022 च्या टायगर 1200 च्या एक्सप्लोरर गाड्यांना फक्त मागचंच रडार दिलं, पुढचं नाही. मला विचाराल तर ती वाटणी बरोबर होती. बीएमडब्ल्यूच्या आर 1300 जीएससारख्या गाडीवर मात्र दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतात. तिथे मागच्यासाठी म्हणून पॅकेज घ्यायला माझी हरकत नाही.